शेवटी पोलीस आलेच नाहीत

आवाज नीट येतोय ना? गेल्या वेळी तीन-चार जणांनी कळवलं की मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आज रूममेटला सांगून ठेवलंय, तासभर भात लावू नकोस. तर बसा निवांत. बसमध्ये असाल तर इअरफोन नीट खोचा. आज शोलेबद्दल बोलायचंय.

थांबा, लगेच पुढे ढकलू नका. "शोलेबद्दल आता नवीन काय सांगणार" असं मलाही वाटायचं. मी सत्त्याण्णवचा. शोले आला तेव्हा माझे वडील अकरा वर्षांचे होते. पण 12 डिसेंबर 2025 ला शोले परत थिएटरमध्ये लागला, आणि यावेळी त्याचा मूळ शेवट घेऊन लागला, जो 1975 मध्ये सेन्सॉरनं बदलायला लावला होता. तो मी रविवारी, 14 तारखेला, पुण्यात एका मल्टिप्लेक्समध्ये बघितला. शेजारच्या सीटवर माझे वडील होते. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णा पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. ही माहिती आत्ताच देऊन ठेवतो, पुढे लागणार आहे.

आणि हो, शेवट सांगणार आहे. पन्नास वर्षं जुना पिक्चर आहे, आता मला स्पॉयलरवरून शिव्या घालू नका.

आधी माझ्यापासून सुरू करतो. मला शोले नानानं दिला. नाना म्हणजे माझा धाकटा चुलता. आम्ही पोरं त्याला अरेतुरेच करायचो. फलटणजवळ आमचं गाव. घरापुढं शहाबादी फरशीचं अंगण. रात्री लाइट गेली की नाना कमरेचा पट्टा काढायचा, त्याचं बक्कल फरशीवर घासत घासत येरझाऱ्या घालायचा, आणि आम्ही चार-पाच पोरं भिंतीला टेकून चिडीचूप. फरशीवर बक्कल घासल्याचा तो आवाज मी आधी ऐकला आणि अमजद खान नंतर बघितला. त्यामुळे माझ्यासाठी ओरिजिनल गब्बर नानाच.

नाना अख्खा पिक्चर सांगायचा. रामगढ, वीरू, जय, ते नाणं, सगळं. आणि शेवटी ठाकूर गब्बरला ठार मारायचा. अगदी निवांत, हालहाल करून. मग मी कधीतरी टीव्हीवर शोले पाहिला, तर शेवटी पोलीस आले आणि गब्बरला धरून घेऊन गेले. मी नानाला म्हटलं, हे काय? नाना म्हणाला, टीव्हीवर कापलंय लेका, खरा वेगळाय.

2006 मध्ये नाना गेला. मी नऊ वर्षांचा होतो. रात्री मोटरसायकलवरून येताना एका टेम्पोनं उडवला. त्यावर आत्ता इतकंच.

पुढे मी बीटेकला लोणेरेला गेलो. होस्टेलमध्ये हार्ड डिस्कची देवाणघेवाण चालायची, तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. एकानं मला शोलेची फाइल दिली, नावात 'डायरेक्टर्स कट' लिहिलेलं. ही 204 मिनिटांची आवृत्ती. आपण नेहमी बघतो ती 198 मिनिटांची. 1990 मध्ये ही लांब आवृत्ती ब्रिटनमध्ये व्हीएचएस कॅसेटवर निघाली होती, नंतर डीव्हीडीवर आली. मी डायरेक्ट शेवट लावला. आणि खरंच, ठाकूर गब्बरला मारतो! पोलीस येतच नाहीत. मी रूममध्ये एकटाच उभा राहिलो. नाना बरोबर होता. गावाकडं राहणाऱ्या या माणसाला हे कसं माहीत, असा प्रश्न मला पडलाच नाही. वाटलं, कुणाकडून ऐकलं असेल.

दिवाळीला लॅपटॉप घेऊन घरी गेलो आणि आण्णांना तेवढा तुकडा दाखवला. त्यांनी पाच-सहा मिनिटं बघितलं. म्हणाले, "हे कुणीतरी नंतर जोडलंय." मी म्हटलं, "आण्णा, हेच ओरिजिनल आहे, तुम्ही बघितलेलं नंतर जोडलंय." ते म्हणाले, "पोलीस येतात शेवटी. मी बघितलंय." आणि मोटर चालू करायला विहिरीकडं निघून गेले. या वादाला पुढे दहा वर्षं झाली. दर सुट्टीत एकदा तरी निघायचाच.

आता तांत्रिक बाजूवर येतो, कारण त्याशिवाय माझा एपिसोड पूर्ण होत नाही.

शोले 15 ऑगस्ट 1975 ला रिलीज झाला. आणीबाणी लागली 25 जूनला. म्हणजे पिक्चर सेन्सॉरकडं होता तेव्हा देशात वातावरण काय असेल बघा. सेन्सॉरचं म्हणणं, ठाकूर हा माजी पोलीस अधिकारी, त्यानं कायदा हातात घेऊन माणूस मारायचा? हे चालणार नाही. रमेश सिप्पींना बदल मान्य नव्हता, त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत हे सांगितलंय. पण तारीख ठरलेली, पैसा अडकलेला. मग कलाकारांना परत बोलावलं आणि नवा शेवट शूट केला, ज्यात ऐन वेळी पोलीस येतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला काय म्हणतो, तर रिलीजच्या आदल्या आठवड्यात क्लायंटनं मागितलेला बदल. तुम्ही कितीही भांडा, शेवटी रात्री बसून तुम्हीच तो करता. आणि मग पन्नास वर्षं तोच प्रॉडक्शनमध्ये चालतो.

त्यात अजून एक गंमत आहे. पहिल्या काही दिवसांत शोले पडला असंच सगळ्यांना वाटत होतं. तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा बदलायचा, अशीही चर्चा झाली होती. म्हणजे तिसरा शेवट! तो शूट झाला नाही, थोडं थांबू म्हणाले. थांबले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात पिक्चर पाच वर्षं चालला. बरं झालं थांबले. मी तर म्हणतो, घाईत हॉटफिक्स न करण्याचं इतकं मोठं उदाहरण आपल्याकडं दुसरं नाही.

मग हा जुना शेवट परत मिळवला कसा? तुम्ही म्हणाल, फाइल तर होतीच तुझ्याकडं. होती, पण ती व्हिडिओची कॉपी, अस्पष्ट, रंग उडालेले. मोठ्या पडद्यावर ती लावली तर डोळे दुखतील. थिएटरसाठी मूळ फिल्म पाहिजे, आणि फिल्म ही वस्तू टिकायला फार अवघड. गरम, दमट जागेत डबे वर्षानुवर्षं पडले की फिल्म कुजायला लागते, व्हिनेगरसारखा वास येतो, आकसते, वाकडी होते. शोलेची मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती. 70 एमएमची मूळ प्रिंट तर एकही उरलेली नव्हती. देशातला सगळ्यात जास्त पाहिला गेलेला पिक्चर, आणि धड मूळ प्रत नाही! आपण फोनमधले फोटो क्लाउडवर टाकून विसरून जातो ना, तेव्हा हे आठवत जा.

तर फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी शोध घेतला. काही डबे मुंबईतल्या गोदामात सापडले, काही इंग्लंडमध्ये. इंटरपॉझिटिव्ह म्हणून एक प्रकार असतो. निगेटिव्हवरून काढलेली मधली प्रत, जिच्यावरून पुढच्या प्रती काढायच्या. आपल्या भाषेत बॅकअप. ते सगळं इटलीत बोलोन्याला गेलं, तिथे जुने पिक्चर दुरुस्त करणारी मोठी लॅब आहे. जवळपास तीन वर्षं काम चाललं. 27 जून 2025 ला बोलोन्याच्या भर चौकात, उघड्यावर, मोठा पडदा लावून तो पहिल्यांदा दाखवला. चौकात लोक बसून शोले बघतायत. म्हणजे आपला गणपती मंडळाचा सिनेमाच की, फक्त इटलीत.

आणखी एक गोष्ट. शोले शूट झाला 35 एमएमवर. लंडनमध्ये तो 70 एमएमला मोठा केला. शूटिंगच्या वेळीच फ्रेम अशी धरलेली की वरखालचा भाग कापला तरी चित्र बिघडणार नाही. द्वारका दिवेचा कॅमेऱ्यावर होते. पण 70 एमएमची सोय होती मोजक्या मोठ्या थिएटरांत. बाकी देशानं 35 एमएमवर बघितला, साध्या मोनो आवाजात. म्हणजे पहिल्या दिवसापासून शोले दोन होते, शेवट तर बाजूलाच राहू द्या.

आणि एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एम. एस. शिंदे. शोलेचे संकलक. शोलेला फिल्मफेअर मिळाली एकच, ती संकलनाची, ती शिंदेंना. अहमदच्या मृत्यूचा प्रसंग आठवा, अहमद म्हणजे आपले सचिन पिळगावकर. आपल्याला खून दिसतच नाही. गब्बर हातावरचा मुंगळा चिरडतो आणि पुढच्याच प्रसंगात घोड्यावरून प्रेत गावात येतं. संपलं. इतक्या वेळा बघूनही पोटात गोळा येतो. आपण डायरेक्टर्स कट, डायरेक्टर्स कट म्हणतो, पण कात्री दुसऱ्याच माणसाच्या हातात असते. शिंदे शेवटच्या काळात धारावीत एका लहानशा खोलीत राहत होते. 2012 मध्ये गेले. मला हे कळलं तेव्हा मी त्यांचा फोटो शोधत बसलो होतो, बराच वेळ.

बरं. तर 24 नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. त्या दिवशी दुपारी आण्णांचा फोन. आण्णा दुपारी फोन करत नाहीत. मी मीटिंगमधून बाहेर आलो, म्हटलं घरी काय झालं. ते म्हणाले, "वीरू गेला रे." मग जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "तो तुझा शोले येतोय म्हणे, नवीन."

"माझा कशाला, तुमचाच आहे. बघायचा का?"

"तिकीट केवढ्याला असतंय?"

हा प्रश्न आला की समजायचं, येणार.

शनिवारी संध्याकाळी एसटीनं आले. आईनं डबा दिलेला, तो थिएटरात नेता येत नाही यावर रविवारी सकाळी अर्धा तास चर्चा झाली. पॉपकॉर्नचा भाव बघून आण्णा काउंटरवरच्या पोराला म्हणाले, "बाळा, सोनं घालता का काय ह्यात?" पोरगं हसलं. त्याला बहुतेक रोज कुणीतरी हे म्हणत असेल.

थिएटर तीन चतुर्थांश भरलेलं होतं. मला वाटलं होतं सगळे पन्नाशीच्या पुढचे असतील. तसं नव्हतं. आमच्या मागं कॉलेजची चार पोरं, पुढच्या रांगेत एक अख्खं कुटुंब, आजीपासून नातीपर्यंत. आणि पिक्चर सुरू झाल्यावर जे झालं ते मी याआधी कुठल्याच थिएटरात बघितलं नव्हतं. सगळं थिएटर पिक्चरच्या एक सेकंद पुढं होतं. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी वाक्य खुर्च्यांतून यायचं. जेलर येणार म्हटल्यावर लोक आधीच हसतायत. गब्बरच्या पहिल्या प्रसंगात तर मागची पोरं त्याच्याबरोबर श्वास घेत होती. आण्णांचे ओठ हलत होते. आवाज काढत नव्हते, पण सगळं पाठ. त्यांच्या लहानपणी संवादांच्या रेकॉर्डी निघालेल्या, लग्नात, गणपतीत लाउडस्पीकरवर लावायचे. आण्णांनी पिक्चर बघायच्या आधी पाच वर्षं तो नुसता ऐकला होता. तुम्ही आत्ता मला ऐकताय तसा, बिनचित्राचा.

मध्यंतरात ते म्हणाले, "तो लाकडाच्या वखारीवाला मी तंबूत बघितलाच नव्हता." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. 1980 च्या आसपास शेजारच्या गावच्या यात्रेत तंबू आला होता. मधे कनात, एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये. एका रात्रीत दोन शो बसवायचे म्हणून तंबूवाला मधली रिळं गाळायचा. सूरमा भोपाली पूर्ण गायब. आण्णांना जगदीप शोलेत आहे हेच पुढे टीव्हीवर कळलं. म्हणजे तंबूवाल्याचाही एक कट होता. त्याला कुणी विचारलं नाही की डायरेक्टरला मान्य आहे का.

उत्तरार्ध. आता चित्राबद्दल थोडं सांगतो. मी हा पिक्चर टीव्हीवर, लॅपटॉपवर, फोनवर, किती वेळा बघितला याचा हिशोब नाही. पण जया भादुरी वाड्याच्या वरच्या मजल्यावर एकेक दिवा मालवत जाते आणि खाली अमिताभ बसलेला असतो, तो प्रसंग मी खरं तर कधी बघितलाच नव्हता हे त्या दिवशी कळलं. फोनवर तो अंधार म्हणजे नुसता काळा डाग. इथं अंधाराला खोली होती. पुढच्या रांगेतली आजी तेव्हा पदरानं चष्मा पुसत होती.

मग बुटांचा प्रसंग. रामलाल ठाकूरच्या बुटांच्या तळाला खिळे ठोकतो. आपण नेहमीच्या शोलेत खिळ्यांचे बूट थेट शेवटी बघतो आणि मान्य करतो. इथं ते तयार होताना दिसतात. छोटासा तुकडा आहे. पण थिएटरमध्ये पहिल्यांदा गडबड थांबली. कारण पुढचं वाक्य कुणालाच येत नव्हतं.

आणि मग शेवट. ठाकूर गब्बरला तुडवतोय. हात गेलेला माणूस पायांनी लढतोय. नेहमीच्या जागी पोहोचलो. माझ्या मागून कुठून तरी एक म्हातारा आवाज आला, "आलं बघ आता पोलीस."

आले नाहीत.

मी दहा वर्षं हा शेवट ओळखून होतो. मला वाटलेलं, इथे लोक शिट्ट्या मारतील, टाळ्या वाजवतील. ठाकूरनं गब्बरला मारलं, अजून काय पाहिजे? पण तसलं काही झालं नाही. गब्बर मरतो, आणि त्यानंतर संजीव कुमार रडतो. हे मी हार्ड डिस्कवर बघितलं होतं, पण माझं लक्ष मारण्याकडं होतं. तेवढं बघून मी फाइल बंद करायचो. इथं तीन तास त्याच्याबरोबर बसल्यावर ते रडणं टाळता येत नाही. ज्या माणसाला आपण पूर्ण पिक्चरभर दगडासारखं बघितलं, तो कोसळतो. त्याला स्वतःचे डोळे पुसता येत नाहीत, हात नाहीत ना. वीरू त्याला जवळ घेतो. तोच वीरू, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी गेलेला धर्मेंद्र. अख्खं थिएटर, जे पावणेतीन तास पिक्चरच्या पुढं धावत होतं, ते गप्प. मागची पोरं पण गप्प. पन्नास वर्षांत पहिल्यांदा शोलेमध्ये पुढं काय होणार ते लोकांना माहीत नव्हतं.

मी आण्णांकडं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं की नाही, माहीत नाही.

बाहेर आलो, पार्किंगच्या समोर चहाची टपरी आहे तिथं थांबलो. मी जिंकलो होतो ना. दहा वर्षांचा वाद, मोठ्या पडद्यावर पुराव्यासकट. म्हटलं, "काय आण्णा, बघितलं? हेच ओरिजिनल."

ते म्हणाले, "नानाला मीच सांगितलेला हा शेवट."

मला आधी समजलंच नाही. मग ते सावकाश बोलले. यात्रेतल्या तंबूत ते नानाला घेऊन गेले होते. नाना सात वर्षांचा. गब्बरला घाबरला, पण उठायला तयार नाही. आणि शेवटाच्या आधी झोपला. तीन किलोमीटर त्याला खांद्यावर घेऊन आण्णा रात्री घरी निघाले. मधेच तो जागा झाला आणि पहिलं विचारलं, गब्बरचं काय झालं? "आता पोरगं घाबरलेलं, त्याला काय सांगू, पोलीस घेऊन गेले म्हणून? परत सुटून आला तर? मी सांगितलं, ठाकूरनं मारून टाकला, खड्ड्यात पुरला, संपला. मग झोपला परत."

म्हणजे नानाला खरा शेवट वगैरे काही माहीत नव्हता. 1980 मध्ये सोळा वर्षांच्या पोरानं रस्त्यात रचून सांगितलेला शेवट त्यानं आयुष्यभर खरा मानला, आम्हाला सांगितला. आणि तो सेन्सॉरनं कापलेल्या शेवटाशी जुळला. मी हसलो. आण्णा पण हसले थोडे.

मग चहाचा ग्लास हातात फिरवत त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. ही इथे सांगू का, असं मी त्यांना फोन करून विचारलंय. "सांग, नाव कुणाचं घेऊ नको," म्हणाले. म्हणून सांगतो.

नानाचा दहावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आण्णा ड्यूटीवर हजर झाले. ज्या टेम्पोनं नानाला उडवलं त्याचा ड्रायव्हर जामिनावर होता. तो कसल्या तरी कागदावर सही करायला आलेला. बाहेर बाकड्यावर बसला होता. आण्णांना तो ओळखत नव्हता. त्यानं आण्णांना पाहून विचारलं, "साहेब, पाणी मिळंल का?"

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. माठ दाखवला. आणि आत जाऊन साहेबांना म्हटलं, मला आजच्या दिवस बाहेर बंदोबस्ताला टाका. टाकला त्यांनी."

केस बरीच वर्षं चालली. साक्षीदार फिरला, ड्रायव्हर निर्दोष सुटला. हे मला माहीत होतं. माठाचं माहीत नव्हतं.

मी विचारलं, "मग तुम्हाला पोलिसांचा शेवट का आवडायचा एवढा?"

ते म्हणाले, "आवडायचा असं न्हाई. पोलीस आले की ठाकूर सुटतो. त्याला ते करावं लागत न्हाई." मग टपरीवाल्याला म्हणाले, "साखर कमी घालायची हो, अण्णा." आण्णा सगळ्या टपरीवाल्यांना अण्णा म्हणतात.

मी आत्तापर्यंत सेन्सॉरला शिव्याच घातल्यात, आणि घालणारच. आणीबाणीत कुणाला तरी वाटलं म्हणून दिग्दर्शकाच्या हातातून शेवट काढून घेणं हे चूकच होतं, त्यावर माझं मत बदललेलं नाही. रमेश सिप्पींचाच शेवट चांगला आहे, संजीव कुमारच्या त्या एका मिनिटासाठी तरी नक्कीच. पण 'खरा' आणि 'खोटा' असे जे दोन फोल्डर मी डोक्यात केले होते ना, त्यात आता फाइली नीट बसत नाहीत. आण्णांनी इतकी वर्षं जो बघितला तो खोटा शोले होता, असं मला त्यांना सांगता येणार नाही. दहा वर्षं मी तेच सांगत होतो.

सोमवारी सकाळी त्यांना स्वारगेटला सोडलं. फलटण गाडी लागली होती. खिडकीत बसल्यावर म्हणाले, "ते मोबाइलवर येईल का रे, हा नवीन शेवटाचा?" मी म्हटलं, येईल कधीतरी, पण फोनवर मजा नाही. "मला न्हाई रे, काकूला दाखवायचाय." काकू म्हणजे नानाची बायको. मग मी म्हटलं, काकूला इकडंच आणू, अजून आठवडाभर शो आहेत. ते म्हणाले, "विचारतो तिला. तीन तास बसवंल का बघू, गुडघे दुखतात तिचे."

काकू अजून आलेली नाही. पुढच्या शनिवारी येते म्हणालीय. शो तोवर असले तर दुपारचे काढणार आहे, मधल्या रांगेतले, कडेच्या सीट, म्हणजे तिला पाय लांब करता येतील.

तुमच्या घरात कुणी शोले तंबूत किंवा गावच्या थिएटरात बघितला असेल तर त्यांना विचारा, त्यांच्या शोलेत कुठलं रीळ गायब होतं. मला व्हॉइस नोट पाठवा, त्यांच्याच आवाजात. चांगल्या आल्या तर पुढच्या एपिसोडला लावतो. चला, रूममेट दारात उभा आहे, त्याला भूक लागलीय. भेटू.